दुहेरी मोजणी

'दोहोंतला तुझा कोणता?' या प्रश्नाचे उत्तर सेल्मा ओयालाला कॉलेजच्या चार वर्षांत कधी देता आले नाही, आणि तिची हकीकत लिहिणाऱ्यालाही ते देता येत नाही. प्रश्न तसा त्या कॉलेजात रोजचाच होता. नुसते अर्थशास्त्र घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी तिथे विरळाच. अर्थशास्त्र आणि संगीत, अर्थशास्त्र आणि रशियन, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान अशी जोडनावे सांगत मुले एकमेकांची ओळख करून देत. त्यामागे एक न बोललेला करार असे. अर्थशास्त्र हे फी भरणाऱ्या आईवडिलांसाठी आणि दुसरा विषय आपल्या जिवासाठी. म्हणून कोणाशी ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला हा प्रश्न यायचा.

सेल्माची रूममेट पेज शिकागोच्या उपनगरातली. तिने अर्थशास्त्राला नृत्याची जोड दिली होती. ती म्हणायची, "माझं सरळ आहे बाई. आलेख काढते ते पप्पांसाठी, नाचते ते माझ्यासाठी. तुझंच काही कळत नाही. तू एकाच खड्ड्याकडे दोन रस्त्यांनी निघालीयेस."

हे पेज थट्टेने म्हणे. पण खड्डा खरोखरच होता. मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या पट्ट्यात, हॅलोवे नावाचे गाव आहे. ओयालांच्या घरामागे एक टेकाड, आणि टेकाडापलीकडे खाण. सुरुंगाच्या वेळी कपाटातल्या बश्या किणकिणत आणि घरातले कोणी बोलायचे थांबत नसे. सेल्माचा बाप वेन तिथे विजेवर चालणारा अवजड यांत्रिक फावडा चालवी. आई डोना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बापाकडून फिनिश रक्त, आईकडून स्लोव्हेनियन. त्यामुळे शनिवारी सौना म्हणजे वाफेचे स्नान आणि नाताळात पोतित्सा हा अक्रोडाचा गोड पाव या दोन्हींत त्या घराने कधी खंड पडू दिला नाही. त्या घरात हवामानाइतकाच भावाचा विषय निघे. भाव म्हणजे पोलादाचा. तो चढला की गावात नव्या गाड्या दिसत, उतरला की शाळेतली बाके रिकामी होत. खाण बंद पडली असे मात्र कंपनी कधीही म्हणत नसे. खाण 'थांबवली' आहे, असे म्हणे. या एका शब्दावर हॅलोवेतली माणसे वर्षानुवर्षे गाव न सोडता बसून राहत.

हा भाव ठरवतो तरी कोण, हे समजून घ्यायचे म्हणून सेल्मा अर्थशास्त्राकडे गेली. भूशास्त्र तिच्या वाट्याला आले ते जवळजवळ अपघाताने. प्रयोगशाळेचा एखादा विषय घेणे सक्तीचे होते. पहिल्याच आठवड्यात गस थोर्सन नावाच्या प्राध्यापकाने साऱ्या वर्गाला गाडीत घालून रस्त्यालगत कापलेल्या एका कड्यासमोर नेले आणि सांगितले, "बोलायचं नाही. तासभर बघायचं. मग मला सांगायचं, आधी काय झालं आणि नंतर काय झालं." सेल्माला दगडातले पट्टे दिसू लागले, लाल, करडे, पुन्हा लाल. घरामागच्या टेकाडावर ती लहानपणी ज्यांवरून घसरत असे तेच हे पट्टे, आणि ते आपण आजवर पाहिलेच नव्हते, हे तिच्या ध्यानात आले. परतीच्या वाटेवर तिला गाडीत स्वस्थ बसवेना. पायाला भिंगरी लागली ती त्या दिवसापासून.

कॉलेजच्या हिरवळीच्या दोन टोकांना या दोन विभागांच्या इमारती होत्या, आणि त्यांचे रीतिरिवाजही तितकेच दूरचे. भूशास्त्रात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. गसचा म्हातारा कुत्रा मार्गिकेत आडवा पसरलेला असे आणि त्याला ओलांडून वर्गात जावे लागे. अर्थशास्त्रात प्रोफेसर विटकम बाईंना भेटायचे तर आधी वेळ ठरवावी लागे. त्या विद्यार्थ्यांना आडनावाने आणि अहो-जाहो करत संबोधत. सेल्मा दिवसातून कितीदा तरी ती हिरवळ ओलांडे. इकडे असली की तिकडचे काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे, तिकडे गेली की इकडचे. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत भूशास्त्राची सक्तीची छावणी मोंटानात होती आणि मिनियापोलिसच्या एका बँकेत उमेदवारीही मिळाली होती. तिने दोन्हींना होकार दिला. छावणीतून उन्हाने सोललेल्या नाकानिशी थेट बँकेत दाखल झाली, तेव्हा तिथल्या साहेबाने विचारले, "सुट्टीवरून आलात वाटतं?" तिला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचे काय होते हे मराठी माणसाला म्हणीतूनच ठाऊक असते. सेल्माच्या बाबतीत त्या डगरी एकाच डोंगराच्या होत्या, आणि तिच्या गोंधळाचे मूळ बहुधा तेच असावे.

त्याआधीच, २०१५ च्या वसंतात, हॅलोवेची खाण थांबली होती. वेन घरी बसला. शेवटच्या वर्षासाठी सेल्माने दोन्ही विभागांपुढे एकच प्रबंध मांडला: हॅलोवेची खाण कोणत्या भावाला पुन्हा सुरू होऊ शकेल? एक प्रबंध दोन विषयांना चालवून घेण्याची मुभा कॉलेजात होती. मात्र दोन्ही विभागांनी तो स्वीकारायला हवा. एकाने जरी नाकारला तरी तो विषय पदवीतून गळणार, कारण दुसरा प्रबंध लिहायला सवड उरणार नव्हती.

नाताळात ती घरी गेली तेव्हा तिचे आकडे तयार होते. सौना आटोपून सगळी जेवायच्या टेबलाशी जमली. डोनाची बहीण रोझमेरी गावात केशकर्तनालय चालवी. गावातली प्रत्येक बातमी तिच्या खुर्चीत बसून मगच पुढे जाई. तिने पोतित्साचा काप तोंडात टाकला आणि भाचीकडे मोर्चा वळवला.

"काय गं, चार वर्षं झाली, दोन-दोन विषय झाले. आमच्या भाचीबाईंना अजून ठरवता येत नाही का, काय व्हायचंय ते?"

"दोन्ही व्हायचंय, रोझी मावशी."

"माझ्याकडे अशा बायका येतात. केस कापायचे पण लांबीही ठेवायची. काय करणार, नुसती टोकं छाटते आणि पैसे घेते."

डोना हसली. वेन हसला नाही. त्याने काटा ताटाच्या कडेला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "एल्कोहून लेस्टरचा फोन आला होता."

लेस्टर त्याचा जुना सहकारी. मागच्या मंदीत नेवाडातल्या सोन्याच्या खाणीवर गेलेला. तिथे फावडा चालवणारा हवा होता, आणि फेब्रुवारीअखेर हो की नाही ते कळवायचे होते.

"तू काय ठरवलंयस?" डोनाने विचारले. हा प्रश्न आज पहिल्यांदा निघालेला नाही, हे तिच्या आवाजावरून कळत होते.

"मी इथे आणखी वाट बघू शकतो. पण कशाची वाट बघतोय तेवढं कळलं पाहिजे," वेन म्हणाला, आणि लेकीकडे वळला. "तुझा तो अभ्यास काय म्हणतो?"

एवढा सरळ प्रश्न बापाने तिला कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, "आत्ताच्या भावाहून थोडा वर गेला की खाण परवडते, डॅड. धातुक भरपूर आहे. अगदी वाईट भाव धरून बघितला तरी दोनएक वर्षांत सुरू होईल."

"नक्की?"

"दोन्हीकडच्या प्रोफेसरांनी बघितलंय."

"मग लेस्टरला सांगतो, वाट बघू नकोस."

रोझमेरी म्हणाली, "सावकाश सांग रे. फेब्रुवारीअखेर काय उद्यावर आलीय?" पण नवीन वर्ष उजाडेपर्यंत तिच्या खुर्चीत बसलेल्या साऱ्या हॅलोवेला ठाऊक झाले होते की ओयालांची मुलगी म्हणते खाण उघडणार.

फेब्रुवारीत एके दिवशी सेल्मा रजिस्ट्रारच्या कार्यालयात गेली. काम क्षुल्लक होते. संख्याशास्त्राचा कोर्स तिने दोन्ही विषयांच्या हिशेबात धरला होता. मिसेस ब्लूमक्विस्ट नावाच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे नाही चालायचं, बाळ. एक कोर्स एकाच विषयाकडे मोजायचा. नाहीतर दुहेरी मोजणी होते."

"पण मी तो दोन्हींसाठी वापरलाय."

"वापर की. वापरायला कोण नको म्हणतंय? मोजायचा एकदाच."

सेल्मा हसली. दुहेरी मोजणी हा शब्द अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी घोटून घेतात. देशाचे उत्पन्न काढताना पाव मोजला तर त्यातले पीठ पुन्हा मोजायचे नाही. पिठाची किंमत पावात आलेलीच असते. कोर्स कुठे धरायचा ते ठरवून ती बाहेर पडली. जिना उतरता उतरता मध्येच थांबली, आणि मागून येणारा विद्यार्थी तिच्यावर आदळला.

धातुक हा शब्द मुळातच दोन शास्त्रांच्या बांधावर उभा आहे. ज्या दगडात लोह आहे तो प्रत्येक दगड धातुक नव्हे. ज्यातले लोह काढणे परवडते तेच धातुक. भाव उतरला की कालचे धातुक आज नुसता दगड होते, खडकात मात्र काहीच बदललेले नसते. सेल्माने प्रबंधाच्या भूशास्त्राच्या भागात, खाणीत खोलवर घेतलेल्या छिद्रांच्या नमुन्यांवरून, धातुक किती उरले आहे ते काढले होते. किमान किती लोह असलेल्या दगडाला धातुक म्हणायचे याची मर्यादा तिने कंपनीच्या प्रसिद्ध अहवालातून उचलली होती. तो अहवाल २०११ चा, भाव शिखरावर असतानाचा. मग हा साठा तसाच उचलून तिने अर्थशास्त्राच्या भागात नेला आणि त्याला पडते भाव लावून पाहिले. म्हणजे भाव तिच्या उत्तरात दोनदा आला होता. एकदा उघड, पडलेला. आणि एकदा दगडाच्या पोटात दडून, चढलेला. पडत्या भावाचा प्रश्न तिने तेजीतल्या खाणीला विचारला होता.

ही चूक केवळ भूशास्त्र शिकणाऱ्याच्या हातून झाली नसती, केवळ अर्थशास्त्र शिकणाऱ्याच्याही नाही. ती शिवणीवर होती, आणि शिवण एकट्या सेल्माची होती.

नमुन्यांचे आकडे घेऊन ती ग्रंथालयात बसली. मर्यादा आजच्या भावाला आणताच साठा आक्रसला. जे उरले ते खोल आणि विखुरलेले. त्याच्यावरचा निरुपयोगी दगड हलवायचा खर्च वाढलेला. खाण उघडायला लागणारा भाव आजच्या भावाच्या जवळपास दुप्पट निघाला. तेवढा भाव नजीकच्या काळात येईल असे त्या वर्षी कोणी जाणकार म्हणत नव्हता. तिने पुन्हा मांडून पाहिले. उठली, खिडकीशी गेली, परत बसली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने कानातले इअरफोन काढून तिच्याकडे पाहिले, तेव्हा तिला कळले की आपण टेबलाखाली पाय आपटतो आहोत.

गसच्या खोलीत कुत्रा हीटरला चिकटून झोपला होता. तिचे सगळे ऐकून झाल्यावर गस म्हणाला, "माझ्या बाजूला चूक नाही. तू दगड नीट मोजलेस. मर्यादा कुठली ते लिहिलंयस, वर्ष लिहिलंयस."

"लिहिलंय. पण पुढच्या भागात विसरलेय."

"तो भाग मी चाळलाच फक्त. खरं सांगू का? तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं."

प्रोफेसर विटकम यांनी वेळ दिली ती दुसऱ्या दिवशीची. त्यांनी तिची पाने शांतपणे पुन्हा वाचली.

"मिस ओयाला, तुमचं गणित निर्दोष आहे. साठा दिलेला आहे असं मानूनच आपण पुढे जातो."

"तो दिलेला नव्हता, प्रोफेसर. तो मीच दिला होता."

विटकम यांनी मान हलवली. "दुरुस्त केलंत तर निष्कर्ष उलटेल. मग तुमची मांडणी, तुमचा पहिला भाग, काहीच उभं राहत नाही. मुदतीला किती दिवस आहेत याची तुम्हाला कल्पना आहे. विभाग तो अपुरा म्हणून परतही करू शकतो."

"आणि असाच ठेवला तर?"

"असाच ठेवलात तर विभाग तो स्वीकारेल, असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. त्यात आमंत्रण नव्हते आणि ताकीदही नव्हती. ती नुसती माहिती होती.

प्रबंधाचे काय करायचे हा प्रश्न सेल्माला बाहेर येईपर्यंत पुरला. बाहेर आल्यावर उरला तो एकच: लेस्टरकडची ती जागा एव्हाना भरली असेल का? कॉलेजच्या गोठलेल्या तळ्याभोवती फेऱ्या मारत तिने घरी फोन लावला. डोनाने सांगितले, तो तलावावर गेलाय, बर्फात गळ टाकून बसलाय. तिने त्याचा मोबाइल लावला.

"बोल," वेन म्हणाला. बर्फावरच्या त्याच्या खोपटातल्या शेगडीचा फुरफुर आवाज येत होता.

"मासे लागतायत का?"

"तू कधीपासून मासे विचारायला लागलीस?"

"डॅड, माझं चुकलंय. नाताळात सांगितलं ते."

तिने सांगायला सुरुवात केली: मर्यादा, अहवाल, भाव दोनदा कसा आला. मध्येच त्याने तिला थांबवले. "हे मला समजावू नकोस. उघडणार की नाही?"

"मला दिसतंय त्यावरून, नाही. बरीच वर्षं नाही."

"म्हणजे तिथलं धातुक आता धातुक नाही."

"या भावाला नाही."

"मी एकवीस वर्षं तेच उचलत होतो."

"तेव्हा ते होतं."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "रोझीनं अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "माझ्या पाळीतल्या बिल कंगासनं तर ट्रक विकायचा थांबवलाय. ओयालाची पोरगी म्हणते म्हणून."

"मी त्यांना फोन करते."

"तू नको. मी बघतो ते." मग, "लेस्टरच्या साहेबाला आज फोन केला तर चालेल ना? का उद्यापर्यंत तुझे दगड परत बदलणार आहेत?"

"आज कर, डॅड."

फोन ठेवल्यावरही तिच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. आपण बापाला वाचवले की घालवले, हे तिला ठरवता येत नव्हते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेन ओयाला गाडीच्या मागच्या बाजूला अवजारांची पेटी आणि गळ टाकून नेवाडाला गेला. डोना शाळेचे वर्ष संपेपर्यंत मागे राहिली.

सेल्माने प्रबंधाचा दुसरा भाग नव्याने लिहिला, आणि पहिल्या मांडणीत काय चुकले होते ते प्रस्तावनेतच सांगून टाकले. तोंडी परीक्षेला दोन्ही प्राध्यापक बहुधा प्रथमच एका खोलीत बसले होते. थोड्याच वेळात ते तिला विसरले आणि आपापसांत वाद घालू लागले. गसचे म्हणणे, साठा हा भावाबरोबर हलतो हे अर्थशास्त्रवाल्यांनी पहिल्या वर्षी शिकवायला हवे. विटकम यांचे म्हणणे, मर्यादेत भाव दडलेला असतो हे भूशास्त्रवाल्यांनी दगडावरच लिहून ठेवायला हवे. मागच्या रांगेत डोनासोबत बसलेली रोझमेरी बहिणीच्या कानात कुजबुजली, ते सगळ्यांना ऐकू गेले: "पोरीची परीक्षा आहे की यांची?"

दोन्ही विभागांनी प्रबंध स्वीकारला. अर्थशास्त्राने श्रेणी बेताचीच दिली. समारंभ झाल्यावर हिरवळीवर रोझमेरीने भाचीची टोपी सरळ केली. "आता तरी एक कुठलं ते सांगशील?"

"सांगते की. आधी नोकरी लागू दे," सेल्मा म्हणाली, आणि तिची नजर मावशीच्या खांद्यावरून पलीकडे, गाड्या लावलेल्या जागेकडे गेली. तिथे बापाचा ट्रक असायला हवा होता. त्याला रजा मिळाली नव्हती.

उन्हाळ्यात तिला डुलुथमध्ये, जमिनीतल्या खनिजांच्या मोजदादीचे काम करणाऱ्या एका लहान कार्यालयात जागा मिळाली. तिथे कोणताही साठा तिच्यापुढे आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: हा कोणत्या वर्षीच्या भावाचा? सहकारी कंटाळत. तिने घर बदलले, दोनदा. आठवड्याच्या शेवटी गाडी काढून ती उत्तरेला जाई आणि हॅलोवेत न थांबता परत येई.

मग भाव चढला. कोणीही न वर्तवलेला, पुढच्याच हिवाळ्यात, तिने काढलेल्या दुप्पट आकड्याच्याही वर. २०१७ च्या एप्रिलमध्ये हॅलोवेची खाण सुरू झाली. कामावर परत येण्याचे बोलावणे वेनलाही गेले. सेल्माने त्याला फोन केला.

"डॅड, उघडली."

"कळलं. बिलचा फोन आला होता."

"मी नाताळात दोन वर्षं म्हणाले होते."

"तेव्हा तुझं चुकलं होतं ना?"

"हो."

"आणि नंतर म्हणालीस ते?"

"ते बरोबर होतं. भावच चढला."

"मग झालं तर," वेन म्हणाला. त्यात राग होता की समजूत, हे तिला फोनवरून कळेना, आणि विचारायचे धाडसही झाले नाही. "तुझी आई इथे रुळलीय आता. शाळेत तिला काम मिळालंय. इथे उन्हाळा लांब असतो."

"येणार नाहीस का?"

"उद्या भाव उतरला तर तिथलं धातुक परत दगड होईल की नाही?"

"होईल."

"सोन्याचंही तसंच असतं म्हणा," तो म्हणाला. "पण इथे माझ्या घरातलं कोणी ते मोजत नाही."

हॅलोवेच्या खाणीने वेन ओयालाचे नाव २०१८ च्या जानेवारीत आपल्या कामगारांच्या यादीतून काढले.